एकही पात्र आवडत नाही, तरी पुस्तक सोडवत नाही

काल वाचनकट्ट्यावर 'गॉन गर्ल'वरून चांगलीच जुंपली. एक ताई म्हणाल्या, "नवरा-बायको एकाहून एक! जीव लावायचा कोणावर?" त्यांनी पुस्तक अर्ध्यातच मिटलं.

मला तर गिलियन फ्लिनच्या या २०१२च्या कादंबरीची ताकद तिथेच वाटते.

एक प्रकरण निकचं, एक एमीच्या डायरीतलं. बायको बेपत्ता झाल्यावर निक पोलिसांशी खोटं बोलतो, आणि हे कितवं खोटं तेही आपल्याला मोजून सांगतो! माणूस आवडला की त्याचं म्हणणं आपण डोळे झाकून खरं मानतो. फ्लिन नेमका याच सवयीचा फायदा उठवते.

शेवटावरून वाचकांत सरळ दोन तट आहेत. मला तो पटला.

तुम्ही वाचलीय? शेवट न फोडता सांगा, जास्त राग कोणाचा आला?