तुलनात्मक लेखन : डिजिटल कॅमेऱ्यांचे उदाहरण

‘कोणत्या कंपनीचा कॅमेरा सर्वांत चांगला?’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले तरी अर्थदृष्ट्या अपुरे आहे. ‘चांगला’ हे सापेक्ष विशेषण आहे. कोणत्या बाबतीत आणि कोणासाठी, हे सांगितल्याखेरीज त्याला निश्चित अर्थ लाभत नाही. म्हणून तुलनात्मक लेखनाची पहिली पायरी म्हणजे निकष ठरविणे. येथे आपण दोन निकष घेऊ.

१. सेन्सरचा आकार

प्रकाश ग्रहण करणाऱ्या सेन्सरचा ‘फुल फ्रेम’ आकार सुमारे ३६ × २४ मिलिमीटर असतो. ऑलिंपस व पॅनासॉनिक यांनी २००८ साली जाहीर केलेल्या ‘मायक्रो फोर थर्ड्स’ पद्धतीत तो सुमारे १७.३ × १३ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने जवळपास एक चतुर्थांश असतो. त्यामुळे लेन्स लहान व हलकी होते; परंतु मंद प्रकाशात छायाचित्र लवकर दाणेदार दिसू लागते. येथे गुण आणि उणीव एकाच निर्णयातून जन्मतात, हे ध्यानात घ्यावे.

२. लेन्सची उपलब्धता

कॅमेऱ्याला लेन्स जोडण्याची रचना, म्हणजे माउंट, सहसा कंपनीगणिक वेगळी असते. सोनीने आपल्या ‘ई’ माउंटची मूलभूत माहिती २०११ साली इतर उत्पादकांना खुली केली. परिणामी या माउंटसाठी सिग्मा, टॅमरॉन आदींच्या लेन्स विविध किमतींत मिळतात. कॅननच्या स्वतःच्या लेन्सची श्रेणी मोठी आहे. मात्र २०१८ साली आलेल्या ‘आरएफ’ माउंटसाठी इतरांच्या स्वयंचलित फोकसच्या लेन्सना दीर्घकाळ फारसा वाव नव्हता. निकॉनच्या १९५९ पासूनच्या ‘एफ’ माउंटच्या अनेक लेन्स अडॅप्टरद्वारे नव्या ‘झेड’ कॅमेऱ्यांवर चालतात. तथापि ज्या जुन्या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही, त्यांचा फोकस कंपनीच्या अडॅप्टरवर हातानेच साधावा लागतो. फुजिफिल्मच्या ‘एक्स’ मालिकेतील रंगछटा अनेकांना भावतात. पण ही कंपनी फुल फ्रेम डिजिटल कॅमेरा बनवीत नाही. तिच्या अधिक मोठ्या सेन्सरच्या मालिकेकडे वळायचे, तर लेन्सही नव्या घ्याव्या लागतात.

३. निष्कर्षाची भाषा

कॅमेरा काही वर्षांनी बदलला जातो. लेन्स दीर्घकाळ टिकतात. कंपनी बदलली की बहुधा लेन्सचा संचही बदलावा लागतो. वाचक आपल्या लेखावर विसंबून कित्येक महिन्यांची बचत खर्च करणार असेल, तर ‘अमुक तमुकापेक्षा श्रेष्ठ’ असा निवाडा त्याच्या उपयोगाचा नाही. मराठीतील ‘ज्याला–त्याला’ ही वाक्यरचना येथे साहाय्यभूत ठरते. उदाहरणार्थ, ‘ज्याला डोंगरवाटांवर भटकायचे आहे, त्याला लहान सेन्सरचा हलका संच सोयीचा, ज्याला नाट्यगृहातील अपुऱ्या प्रकाशात छायाचित्रे घ्यायची आहेत, त्याला फुल फ्रेम उपयुक्त.’ असा निष्कर्ष सौम्य वाटला तरी अधिक नेमका असतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. आपल्या वापरातील एखाद्या वस्तूच्या दोन कंपन्या निवडा व तुलनेचे दोन निकष ठरवा.
२. ‘सर्वांत चांगला’ हा शब्दप्रयोग टाळून निष्कर्षाची तीन वाक्ये लिहा.