मानधन नव्हे, पगार

घरी बसून बिड्या वळणारी बाई कामगार आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तयार बिडी नापास करण्याचा हक्क कारखानदाराकडे आहे, म्हणजे ती त्याचीच कामगार, तिला भविष्य निर्वाह निधी मिळालाच पाहिजे, असे 1985 साली न्यायालयाने ठरवले. सोलापुरात बिड्या वळणाऱ्या हजारो घरांना या निकालाचे मोल सांगावे लागत नाही. घरात होते म्हणून ते काम नव्हे, हे म्हणणे तिथे निकालात निघाले. मानसिक आजारातून सावरून दुसऱ्याला सावरणाऱ्यांच्या बाबतीत मात्र ‘मायेपोटी होते, म्हणून ते काम नव्हे’ असे आपण आजही बिनदिक्कत म्हणतो. त्यांच्या हाती मानधन टेकवतो, तेही जमले तर.

सावरलेल्या माणसाच्या अनुभवाचे मोल महाराष्ट्राला नवे नाही. 1986 साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक झाली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने पुनर्विलोकन मंडळावर आजार भोगलेल्यांना आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांनाही बसण्याची वाट मोकळी केली. निवाडा करण्याइतके शहाणपण त्यांच्याकडे आहे, हे कायद्याला पटले. पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञापासून नोंदणी सहायकापर्यंत पदे आहेत, सावरलेल्या माणसाचे पद नाही. तेही 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, आजारागणिक, 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना आढळले असताना!

पैसा आला की आपुलकी आटेल, अशी भीती घातली जाते. परिचारिकेचा पगार बघून तिच्या मायेवर कुणी शंका घेत नाही. पदवी नाही, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याला उत्तर प्रशिक्षण, परीक्षा आणि तज्ज्ञांची देखरेख. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने 1999 पासून अशा प्रशिक्षितांच्या सेवेचे पैसे सरकारी आरोग्य योजनेतून देणे सुरू केले. आणि आजार उलटला तर? हीच भीती मला सर्वांत खरी वाटते, आणि म्हणूनच पगार हवा. मानधनावरच्या माणसाला आजारपणाची रजा नसते. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून तो त्रास लपवून कामावर येतो. रजा, औषधोपचार आणि परत येण्यासाठी राखलेली जागा हे सगळे नेमणुकीच्या पत्रातच लिहिलेले असले पाहिजे.