मेणबत्तीची उभी रेघ

लेथवर फिरवून गुळगुळीत केलेली धातूची गोल तबकडी. तिच्याजवळ मेणबत्ती धरली की उजेडाची एक रेघ उमटते. पण चार्ल्स व्हीटस्टन यांना ती तबकडीवर दिसलीच नाही. ती तबकडीला भेदून आरपार उभी होती, निम्मी वर, निम्मी खाली. त्यांनी डावा डोळा मिटला. रेघ लगेच आडवी होऊन तबकडीला चिकटली. डावा उघडून उजवा मिटला. तेव्हाही ती चिकटलेलीच, मात्र आता वेगळ्या दिशेने. दोन्ही डोळे उघडले आणि रेघ ताडकन उभी राहिली.

हा प्रयोग घरी करून पाहा. ज्यावर गोल गोल बारीक रेघोट्या असतात असं स्टीलचं झाकण घ्या, दिवे मालवा आणि एक मेणबत्ती जवळ आणा. मला पहिल्यांदा ती रेघ उठलेली दिसली तेव्हा बोट आपसूक तिला शिवायला पुढे गेलं. बोटाला हवाच लागली.

व्हीटस्टन हे लंडनमधले, वाद्यं बनवणाऱ्या घरातले. कॉन्सर्टिना हे वाद्य त्यांनीच घडवलं. स्वभाव इतका बुजरा की किंग्ज कॉलेजात प्राध्यापक असूनही व्याख्यानाला उभं राहणं त्यांना नकोसं वाटे. त्यांचं काम मायकेल फॅरडे श्रोत्यांपुढे मांडत. पण त्या रेघेने त्यांना स्वस्थ बसू दिलं नाही.

आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, म्हणून दोघांना दिसणारं चित्र थोडं निराळं असतं. हे जुन्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांना तो फरक अडचणीचा वाटे: दोन वेगळी चित्रं असताना वस्तू एकच कशी दिसते? लिओनार्दो दा विंची तर अगदी उंबरठ्यापर्यंत आला होता. त्याने उदाहरण घेतलं ते गोलाचं, आणि गोलाची कड दोन्ही डोळ्यांना सारखीच गोल दिसते. त्याने घन घेतला असता तर फरक नजरेत भरला असता, अशी हळहळ व्हीटस्टन यांनीच आपल्या निबंधात व्यक्त केली आहे.

व्हीटस्टन यांनी प्रश्न उलटा केला. हा फरकच खोली दाखवत असेल तर? मग समोर वस्तू असण्याची गरजच नाही. डाव्या डोळ्याला दिसेल तसं एक चित्र, उजव्याला दिसेल तसं दुसरं, एवढं पुरे. त्यांनी दोन आरसे काटकोनात जोडून नाकासमोर ठेवले आणि दोन बाजूंना दोन चित्रं लावली. चित्रं कसली, तर नुसत्या रेघांची. मला या शोधातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. छाया-प्रकाश घातला असता तर कुणीही म्हणालं असतं की उठाव रंगकामामुळे आला. त्यांनी त्या शंकेला जागाच ठेवली नाही. सपाट कागदावरच्या रेघा आरशात एकत्र आल्या आणि घन हवेत उभा राहिला. मग त्यांनी चित्रांची अदलाबदल केली. पुढे आलेलं मागे गेलं, उंचवट्याचा खळगा झाला.

21 जून 1838 रोजी हा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. उपकरणाचं नाव स्टिरिओस्कोप. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण दागेर यांच्या छायाचित्रणाची घोषणा झाली जानेवारी 1839 मध्ये. म्हणजे त्रिमिती फोटो कसा काढायचा याचा नियम जगापुढे आला, तेव्हा फोटो ही गोष्टच जगाला माहीत नव्हती!

फोटो आल्यावर व्हीटस्टन यांनी छायाचित्रकार टॅल्बट यांच्याकडून जोडचित्रं करवून घेतली. पहिली जोडी बिघडली. दोन फोटोंमधला कोन सुमारे 47 अंशांचा पडला होता. तो फार होतो, 25 पुरे, असं त्यांनी 1840 च्या अखेरीस कळवलं. सुरुवातीला एकच कॅमेरा सरकवून दोनदा फोटो घेत. पुतळ्याला ते चालतं, पण माणूस तेवढ्यात हलतो. पुढे शास्त्रज्ञ ब्रूस्टर यांनी आरशांऐवजी भिंगं बसवून यंत्र हातात मावेल एवढं केलं. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते राणी व्हिक्टोरियाला आवडलं आणि घरोघरी पोचलं. 1856 मध्ये मँचेस्टरच्या डान्सर यांनी दोन भिंगांच्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. आता दोन्ही फोटो एकाच क्षणी निघू लागले.

सरकवण्याची ती जुनी युक्ती मात्र मोडीत निघाली नाही. 5 मे 2005 रोजी श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-1 हा उपग्रह झेपावला. त्याच्यावर दोन कॅमेरे होते, एक 26 अंश पुढे कललेला, दुसरा 5 अंश मागे. खालचा डोंगर आधी पहिला कॅमेरा टिपायचा, सुमारे 52 सेकंदांनी दुसरा. डोंगर हलत नाही, त्यामुळे तेवढा वेळ चालतो. दोन चित्रांतल्या फरकावरून त्याची उंची काढली जायची. तबकडीसमोरच्या माणसाच्या दोन डोळ्यांत साडेसहा सेंटिमीटर होते. इथे दोन नजरांमध्ये साडेतीनशे किलोमीटरहून जास्त अंतर होतं.