फायटर माशाचे झडणारे पर व त्यांवरील उपचार

वाळवा तालुक्यातील आष्टा हे गाव कृष्णा व वारणा या नद्यांमधील उसाच्या मुलखात वसलेले आहे. या भागात माशाचा विषय निघाला म्हणजे लोकांना रोहू, कटला किंवा मरळ आठवते. परंतु अलीकडे घरातील फडताळावर काचेच्या भांड्यात ठेवलेला एखादा रंगीत मासाही पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडतो. त्यात निळ्या वा तांबड्या रंगाचा, लांब झुबकेदार शेपटीचा आणि बाजारात 'फायटर' या नावाने विकला जाणारा बेट्टा मासा मुलांच्या विशेष आवडीचा आहे. हा मासा घरी आणल्यावर महिना-दोन महिन्यांत त्याची शेपटी कडेने झिजू लागते, पर फाटक्या कापडासारखे दिसू लागतात आणि एके दिवशी मासा तळाशी निपचित पडतो. त्याचे आयुष्यच तेवढे होते असे समजून घरची मंडळी दुसरा मासा आणतात व त्याचीही तीच गत होते. वास्तविक चांगल्या निगराणीत हा मासा दोन-तीन वर्षे सहज जगतो.

बेट्टा हा मूळचा थायलंडमधील मासा होय. सन 1910 मध्ये रीगन या शास्त्रज्ञाने त्याला 'बेट्टा स्प्लेंडेन्स' हे शास्त्रीय नाव दिले आणि सन 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. आपल्याकडील मरळीप्रमाणे हा मासाही पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो. तो पाव लिटरच्या बाटलीतही जिवंत राहतो तो या देणगीमुळे, आणि त्याच्या दुर्दशेचे मूळही तेथेच आहे. त्याचे मूळ वसतिस्थान म्हणजे भातखाचरे व दलदली. तेथे पाणी उथळ असले तरी दूरवर पसरलेले असते, त्यामुळे माशाची घाण एका जागी साठून राहत नाही. बाटलीत ती साठते. माशाच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याने पर व कल्ले यांची नाजूक त्वचा पोळते आणि एरवी पाण्यात निरुपद्रवीपणे वावरणारे सूक्ष्म जंतू त्या जखमेत शिरतात. यालाच पर कुजण्याचा रोग म्हणतात. पाणथळ जमिनीत उसाची मुळे गुदमरली म्हणजे पाने पिवळी पडतात. तेव्हा नुसत्या पानांवर औषध फवारून जसा उपयोग होत नाही, तसेच येथेही आहे. रोग परावर दिसतो, पण त्याचे कारण पाण्यात असते.

उपचारापूर्वी पर फाटला आहे की कुजतो आहे, हे ओळखणे अगत्याचे आहे. प्लॅस्टिकच्या टोकदार शोभेच्या झाडांत किंवा खडबडीत दगडांत अडकून पर फाटतो, तेव्हा चीर सरळ व स्वच्छ असते आणि कडेचा रंग बदलत नाही. काही मासे स्वतःची शेपटी स्वतःच चावतात. अशा वेळी कडेला चंद्रकोरीसारखे तुकडे गेलेले दिसतात. कुजणाऱ्या पराची कड मात्र काळपट, तांबूस किंवा पांढुरकी होते व दिवसेंदिवस अंगाकडे सरकत जाते. जखमेवर कापसासारखे पांढरे तंतू दिसल्यास ती बुरशी समजावी. अंगावर खोगिराच्या आकाराचा राखट पट्टा उमटून दोन-तीन दिवसांतच मासा मलूल झाला, तर तो निराळा व फार वेगाने पसरणारा जंतुरोग असण्याचा संभव असतो. तेथे घरगुती उपायांवर वेळ दवडू नये. पराची झीज मुळापर्यंत जाऊन अंगाला भिडली तर तो पर पुन्हा येत नाही आणि मासाही बहुधा दगावतो. तत्पूर्वी रोग थांबविल्यास पर पुन्हा वाढतो.

पहिला उपाय पाण्याचा. माशास किमान 10 ते 15 लिटर पाणी मावेल अशा भांड्यात एकट्याने ठेवावे. दोन नर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांचे पर फाडतात. आजार असेपर्यंत रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे व बारीक नळीने तळाचा गाळ ओढून घ्यावा. सर्व पाणी एकदम बदलल्यास आजारी माशास धक्का बसतो. नळाच्या पाण्यात जंतुनाशासाठी क्लोरीन मिसळलेले असते, म्हणून ते रुंद तोंडाच्या भांड्यात 24 तास उघडे ठेवून मग वापरावे. नवे पाणी जुन्याइतकेच कोमट असावे.

मिठाचा उपयोग मर्यादित परंतु खरा आहे. साधे खडे मीठ दर लिटरला 1 ते 2 ग्रॅम, म्हणजे 10 लिटर पाण्यास 10 ते 20 ग्रॅम, वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून थोडेथोडे घालावे. हा उपचार सात ते दहा दिवसांपलीकडे लांबवू नये. जितके पाणी बदलले तितक्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. बाष्पीभवनाने आटलेल्या पाण्याची भरपाई करताना मीठ घालू नये, कारण पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. क्षारपड जमिनीचे दुखणे ज्यांनी भोगले आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट उबेची. या माशास 25 ते 28 अंश सेल्सिअस तापमान मानवते. मार्गशीर्ष-पौषात या भागातील रात्री गार असतात व लहान भांड्यातील पाणी लवकर निवते. थंडीने माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि उन्हाळ्यात दबून राहिलेला रोग हिवाळ्यात डोके वर काढतो. तापमान आपोआप राखणारा लहान विजेचा हीटर बसविणे हाच यावरचा खात्रीचा मार्ग. भांडे उन्हात ठेवण्याची युक्ती काहीजण करतात. ती घातक आहे, कारण दुपारी तापलेले पाणी रात्री तितकेच थंड होते.

शाळांच्या व देवळांच्या आवारात आढळणाऱ्या देशी बदामाची गळून वाळलेली पाने थायलंडमधील मत्स्यपालक पूर्वापार वापरतात. त्यांतील टॅनिनमुळे पाणी चहाच्या रंगाचे होते व जंतूंची वाढ काहीशी मंदावते. एखादे स्वच्छ धुतलेले पान टाकण्यास हरकत नाही. कडुनिंबाच्या अर्काचा प्रयोग मात्र करू नये. तो माशास अपायकारक ठरू शकतो. माणसांसाठी असलेल्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची प्रथाही तितकीच वाईट. मात्रा चुकते, पाणी शुद्ध राखणारे उपकारक जंतू मरतात आणि रोगजंतू औषधाला सरावतात. पाणी सुधारूनही पाच-सहा दिवसांत झीज थांबली नाही, तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा.

शेतकरी कुटुंबांनी आणखी एक काळजी घेतली पाहिजे. फवारणीचे द्रावण कालविलेली बादली माशाच्या पाण्यास कदापि वापरू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांचा लवलेशही माशास मारक होतो. घरात डासांचे औषध फवारताना भांडे झाकून दुसऱ्या खोलीत न्यावे.

उपचार लागू पडत असल्याची खूण म्हणजे पराच्या कडेला येणारी पारदर्शक वा पांढुरकी पातळ पट्टी. तिला रोग समजून पुन्हा औषधे सुरू करण्याची चूक नेहमी होते. ती नवी वाढ असते व तिला रंग चढण्यास काही आठवडे लागतात. या काळात खाद्य बेताचेच द्यावे. दोन वेळा दोन-तीन दाणे पुरतात, व उरलेले लगेच काढावेत. आजार संपल्यावर आठवड्यास पाव भाग पाणी बदलण्याचा क्रम पुढे चालू ठेवावा.

सन 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यात आला. जोडधंदा म्हणून एकाहून अधिक भांडी ठेवणाऱ्यांनी आजारी माशाची जाळी व नळी वेगळी ठेवावी, वापरानंतर ती धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवावी आणि नवा मासा पहिले दोन-तीन आठवडे निराळ्या भांड्यात राखावा. आजारी मासा किंवा त्याचे पाणी विहिरीत, ओढ्यात अथवा शेततळ्यात सोडू नये. मेलेला मासा जमिनीत पुरावा.