ढगाळ दिवसांतील जलाशय आणि निरीक्षणाची वही

22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिच्यातून निघालेल्या नई तालीमेने उद्योग, समाज आणि निसर्ग यांच्याशी पाठांचा समवाय साधावा, असा आग्रह धरला. सेवाग्राम हे त्या प्रयोगाचे प्रमुख केंद्र झाले. निसर्गाच्या समवायास या जिल्ह्यात जलाशयासारखे दुसरे साधन क्वचितच सापडेल. पवनारजवळची धाम नदी, महाकाळी व बोर येथील धरणे आणि गावोगावचे तलाव शाळांच्या आवाक्यात आहेत.

अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन 5 नोव्हेंबर, तर पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचा 12 नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्रात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. परंतु याच सुमारास बंगालच्या उपसागरात वादळे उठतात व त्यांमुळे कधी कधी विदर्भातही आभाळ भरून येते, झिमझिम पाऊस लागतो. मुले तलावावर जातात आणि चार-दोन पक्षी पाहून परततात. अशी सहल वाया गेली असे शिक्षकास वाटते. वस्तुतः तसे मानण्याचे कारण नाही.

पक्षी कमी दिसण्याचे कारण केवळ हवा नव्हे. पावसाळ्याअखेर जलाशय काठोकाठ भरलेला असतो. तुतवार, शेकाट्या यांसारखे पक्षी उथळ पाण्यात व चिखलात भक्ष्य शोधतात; काठ बुडालेला असता त्यांना जागाच उरत नाही. हिवाळ्यात पाणी ओसरू लागले की चिखलाचा पट्टा उघडा पडतो व ते येऊ लागतात. उत्तरेकडून येणारी बदकेही एकाच दिवशी उतरत नाहीत. वारा जोराचा असल्यास पाणपक्षी आडोशाच्या काठाला सरकतात. म्हणून मुलांना प्रथम वाऱ्याची दिशा ओळखावयास सांगावी, मग निवाऱ्याची बाजू न्याहाळावी.

मंद प्रकाशात रंग फसवे ठरतात. अशा वेळी आकार व हालचाल पाहावी. पाणकावळ्याचे अंग पाण्यात बुडालेले व मान ताठ असते. टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते. थापट्या बदकाची चोच पुढे रुंद व चपटी असते. काळ्या वारकरी पक्ष्याच्या कपाळावरील पांढरी खूण ढगाळ हवेतही उठून दिसते. शिवाय ऊन नसल्याने पाण्याची चकाकी डोळ्यांना दिपवीत नाही, हा लाभच होय.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वहीची. दिनांक, वेळ, आभाळ, वारा, पाण्याची पातळी, पक्ष्याचे नाव व संख्या एवढे रकाने पुरेत. नाव न कळल्यास ‘अनोळखी’ लिहून त्याचे चित्र काढावे. एकही पक्षी न दिसल्यास शून्य लिहावे. सहल उठावदार दिसावी म्हणून मागील वर्षाच्या यादीतील नावे वहीत उतरविण्याचा मोह शिक्षकास होतो. तो कटाक्षाने टाळावा. न पाहिलेला पक्षी शिक्षकच लिहवून घेतो असे मुलाने एकदा पाहिले की, पुढे गणिताच्या उत्तरातही ते तोच मार्ग धरील. उलट, नोव्हेंबरातील शून्य आणि जानेवारीतील पन्नास शेजारी ठेवले, तर पाणी व पक्षी यांचा संबंध मुलांना स्वतःच उमगतो. आशियातील पाणपक्ष्यांची गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. तिलाही अशाच प्रामाणिक नोंदींचा आधार लागतो.

ओल्या काठावर माती निसटते. म्हणून मुलांना पाण्यापासून दूर, दोन-दोनांच्या जोडीने उभे करावे. विजा चमकू लागताच निरीक्षण थांबवून पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा. बोर हे 2014 पासून व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे. तेथे वनविभागाच्या परवानगीवाचून मुलांस नेऊ नये. त्याच जागी, त्याच वेळी, महिन्यातून एकदा मार्चपर्यंत निरीक्षण करावे आणि वही शाळेतच जतन करावी.