लाडवांचा डबा लपवू नका

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. उरलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा आईने कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवला होता. दुपारी तिचा जरा डोळा लागला. उठून पाहते तो डबा निम्मा रिकामा आणि सहा वर्षांच्या मुलाच्या उशीखाली बेसनाचा चुरा! “लाडू तू खाल्लेस?” असे विचारताच त्याने मान हलवली, “नाही.” लाडू गेल्याचे आईला काही वाटले नाही. मुलगा आपल्याशी खोटे बोलला, हे मात्र तिच्या मनाला लागले.

असे प्रसंग घरोघरी घडतात. पण मुलाला ‘हावरट’ ठरवण्यापूर्वी ही हाव वाढवण्यात आपलाही हातभार नाही ना, हे पालकांनी पाहायला हवे.

बंदीमुळे ओढ वाढते

जेनिफर फिशर व लीॲन बर्च या अमेरिकन संशोधिकांनी १९९९ साली ३ ते ६ वर्षांच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. डोळ्यांसमोर असूनही ज्या खाऊवर बंधन घातले, त्याच्याच मागे मुले लागली आणि संधी मिळताच त्यांनी तो जास्त घेतला. वरच्या फळीवरच्या डब्याचेही तसेच होते.

गोड म्हणजे बक्षीस नव्हे

“भाजी संपव, मग गुलाबजाम देईन,” असे आई सहज म्हणते. मुलाला त्यातून कळते ते इतकेच, की भाजी ही शिक्षा आणि गुलाबजाम हे बक्षीस. रडणाऱ्या मुलाच्या हातात चॉकलेट दिले, तर दुःखावर गोड हाच उपाय, असे तो शिकतो. त्याला चॉकलेटपेक्षा जवळ घेण्याची जास्त गरज असते.

ताटातच वाढा

मराठी घरात श्रीखंड किंवा पुरणपोळी जेवणानंतर नव्हे, तर जेवणाबरोबरच वाढण्याची पद्धत आहे. ती मुलांसाठी फार उपयोगी आहे. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचाही सल्ला असाच आहे. काय, केव्हा आणि कुठे खायचे हे पालकांनी ठरवावे. किती खायचे ते मुलाने. गोड पदार्थ मात्र जेवणासोबत एकदाच वाढावा. मुलाने तो आधी खाल्ला तरी रागावू नये आणि पुन्हा मागितला तर शांतपणे “आज एवढेच” म्हणावे. अधूनमधून मधल्या वेळी दुधाबरोबर त्याला मनसोक्त गोड खाऊ द्यावे.

साखर कुठे कमी करावी?

मोकळीक म्हणजे बेफिकिरी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध व फळांच्या रसातील साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. १,२०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ही मर्यादा ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे ६ चमचे होते. दुधातली साखर, सरबते, शीतपेये, बिस्किटे यांतच ती संपून जाते. तेव्हा कात्री लावायची ती तिथे. दोन वर्षांखालील बाळाला तर साखर घातलेले पदार्थ देऊच नयेत. मुलाला मधुमेह असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच चालावे.

दातांसाठीही किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे अधिक महत्त्वाचे. प्रत्येक वेळी तोंडातले जंतू साखरेचे आम्ल बनवतात. दिवसभर गोळ्या चघळण्यापेक्षा जेवणाबरोबरचा लाडू बरा. रात्री दात घासणे मात्र चुकवू नये.

त्या आईने मुलाला मारले नाही की बोलही लावला नाही. दुसऱ्या दिवशी डबा खाली आला आणि पोळीभाजीशेजारी एक लाडू वाढला गेला. पहिले काही दिवस मुलगा लाडवावरच तुटून पडे. एके दिवशी मित्रांची हाक आली आणि तो अर्धा लाडू ताटात तसाच टाकून खेळायला पळाला. जाताना आईला मोठ्याने सांगूनही गेला, “उरलेला नको गं मला!”