पोरांचा परदेशखर्च : आठ डॉलर ते अडीच लाख

1913 साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची. रक्कम पौंडांत ठरलेली असल्याने रुपया वर गेला काय किंवा खाली आला काय, त्याची झळ विद्यार्थ्याला लागत नव्हती. 1920 मध्ये ते शिकायला लंडनला गेले तेव्हा परिस्थिती वेगळी होती. या वेळी आधार होता सिडनहॅम कॉलेजातल्या साडेचारशे रुपयांच्या पगारातून साठवलेल्या पुंजीचा आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या उसनवारीचा. म्हणजे पैसा रुपयांतला, खर्च पौंडांतला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला दोन शिलिंगांच्या वर असलेला रुपया 1921 मध्ये सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. दोन शिलिंगांच्या भावाने हजार रुपयांचे शंभर पौंड होत, ते आता साडेबासष्टच होऊ लागले. याच मुक्कामात आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला प्रबंध लिहिला आणि 1923 मध्ये तो लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला.

घरचा पैसा परदेशातल्या मुलापर्यंत पोचेपर्यंत किती उरतो, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. अडथळे मात्र दर पिढीला बदलत गेले.

स्वातंत्र्यानंतर पहिला अडथळा होता परवानगीचा. 1947 च्या परकी चलन कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या हाती चाव्या आल्या आणि 1957 च्या गंगाजळीच्या टंचाईनंतर त्या आणखी घट्ट झाल्या. बोटीचे किंवा विमानाचे तिकीट काढायलाही ‘पी फॉर्म’ लागे. साठच्या दशकात अमेरिकेला निघालेल्या तरुणांच्या आठवणींत एक आकडा हमखास येतो : आठ डॉलर. निघताना एवढेच परकी चलन हाती मिळे. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. आठ डॉलरना आधी 38 रुपये पडत, आता 60 पडू लागले. पण रुपये मोजायची तयारी असूनही डॉलर मिळत नाहीत, हे खरे दुखणे होते.

मग लोक आपली वाट काढत. परदेशात स्थिरावलेला ओळखीचा माणूस तिथे मुलाला डॉलर देई आणि इथे मुलाचे वडील त्या माणसाच्या आईला रुपये पोचवत. एकही नोट सीमा ओलांडत नसे. परकी चलनाचा 1973 चा फेरा कायदा 1 जानेवारी 1974 पासून लागू झाला, त्याच्या लेखी हा परस्पर हिशेब गुन्हा होता आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा होती. मुलाच्या जेवणाखाणाची सोय लावणारा पांढरपेशा बाप आणि सोन्याचा तस्कर यांना एकाच कायद्याच्या धाकात ठेवणे अन्यायाचेच होते.

1991 मध्ये गंगाजळी आटली. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला रवाना करून गहाण टाकले आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपानकडून सुमारे 40 कोटी डॉलर उभे केले. त्या नामुष्कीतून जे बदल झाले, त्यांचा फायदा विद्यार्थ्यांच्या पालकांपर्यंत पोचला. ऑगस्ट 1994 मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला. 1 जून 2000 पासून फेराच्या जागी फेमा हा नवा कायदा आला आणि परकी चलनाचा नियमभंग हा फौजदारीऐवजी मुख्यतः दंडाचा विषय झाला.

फेब्रुवारी 2004 मध्ये ‘लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम’ आली. कोणाही निवासी भारतीयाला वर्षाला 25,000 डॉलर बाहेर पाठवण्याची मुभा मिळाली. सप्टेंबर 2007 पर्यंत ही मर्यादा दोन लाखांवर गेली. ऑगस्ट 2013 मध्ये रुपया घसरत होता तेव्हा ती 75,000 वर आणली गेली आणि 2015 मध्ये अडीच लाखांवर पोचली. आठ डॉलरच्या पिढीला हा आकडा थक्क करणारा वाटला असणार.

पैसे पाठवता येऊ लागले, पण पाठवायला नेमके किती पडतात हे समजेना. बँकांचे निरोप नेणारी स्विफ्ट ही संस्था 1973 मध्ये ब्रुसेल्समध्ये स्थापन झाली. ती फक्त निरोप नेते, पैसा एका बँकेच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यांवर वळता होतो. पुण्यातली शाखा आणि म्युनिकची बँक यांचा थेट संबंध नसेल तर मध्ये एक-दोन बँका येतात आणि त्याही आपला वाटा कापून घेतात. पालकाला पावतीवर दिसते ती पाठवणावळ. खरी वजावट दडलेली असते भावात.

जर्मनीचेच उदाहरण घ्या. तिथे शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षभराचा खर्च आधीच भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो आहे, म्हणजे दरमहा 992. जर्मनीत पोचल्यावर पैसे मिळतात तेही तसेच, महिन्याच्या हप्त्याने. आता समजा, बाजारभावापेक्षा बँकेने युरोमागे दीडच रुपया जास्त लावला. तेवढ्यानेच 17,856 रुपये गेले. ते कुठल्याही पावतीवर ‘शुल्क’ म्हणून छापलेले नसतात. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या घराला यावर व्याजही भरावे लागते. परवानगीच्या काळात निदान नकार तोंडावर मिळत होता.

भावातली ही वजावट लोकांच्या नजरेस आणली ती लंडनमध्ये राहणाऱ्या दोन एस्टोनियन मित्रांनी. तावेत हिन्रिकुसला पगार युरोत मिळे आणि खर्च पौंडांत होई. क्रिस्तो केर्मनचा पगार पौंडांत आणि एस्टोनियातल्या घराचा हप्ता युरोत. दोघे बाजारभाव बघून परस्पर हिशेब मिटवू लागले आणि त्यातूनच 2011 मध्ये ट्रान्सफरवाइज, म्हणजे आजची वाइज, उभी राहिली. ही अगदी तीच युक्ती, जी फेराच्या काळात मराठी घरांना लपूनछपून करावी लागली. लंडनमध्ये तिची परवाना घेतलेली कंपनी झाली, भारतात मात्र दोन घरांनी आपसात असा हिशेब मिटवणे फेमातही नियमबाह्यच आहे.

पुढे आपल्याकडे आणखी एक ओझे वाढले. 1 ऑक्टोबर 2020 पासून परदेशी पाठवलेल्या सात लाख रुपयांवरच्या रकमेवर उगमाशी कर, म्हणजे टीसीएस, वसूल होऊ लागला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचा दर बहुतेक कारणांसाठी 20 टक्के झाला. शिक्षण आणि उपचारांसाठी तो 5 टक्के ठेवला गेला. हा कर विवरणपत्र भरल्यावर देय करातून वळता होतो किंवा परत मिळतो हे खरे, पण फी भरण्याच्या महिन्यात तेवढी रोकड अडकते आणि निवृत्त बापाला ती जड जाते. 2025 च्या अर्थसंकल्पाने मर्यादा दहा लाख केली आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवरचा टीसीएस काढून टाकला. हा निर्णय योग्य होता, उशिरा आला एवढेच.

दरम्यान, 21 फेब्रुवारी 2023 रोजी भारताची यूपीआय आणि सिंगापूरची पेनाऊ या यंत्रणा जोडल्या गेल्या. मोबाइल नंबरावरून पैसे मिनिटांत सिंगापूरच्या खात्यात जाऊ लागले. पण दिवसाला 60,000 रुपयांची मर्यादा, सुरुवातीला मोजक्याच बँका आणि कारणेही दोनच : नातेवाइकांचा निर्वाह किंवा भेट. मुलीच्या खोलीचे भाडे आणि किराणा या वाटेने भागतो. विद्यापीठाच्या फीसाठी मात्र अजूनही बँकेचा ए-टू फॉर्म भरावा लागतो आणि भाव कोणता लागला हे बहुतेक घरांना पैसे गेल्यावरच समजते.